काकूंचं ऐकायचं की दादांचं?

पत्र असं आहे (थोडं लहान केलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय):

"ताई नमस्कार, मी २४ वर्षांचा आहे, वर्षभरापासून एका दादांकडे सपोर्ट वर्कर म्हणून जातो. दादा पस्तिशीचे, अपघातात मानेच्या मणक्याला मार बसला, छातीखालचं शरीर चालत नाही, हात थोडे चालतात. पॉवर व्हीलचेअर वापरतात आणि घरूनच कम्प्युटरवर नोकरी करतात. घरात ते आणि त्यांची आई, पगार मला काकू देतात. काकू रोज जाताना मला बाजूला घेऊन विचारतात की आज कुणाशी बोलला, काय बोलला, चिडला का, आणि मी सगळं सांगतो. मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो तर डॉक्टरांनी मला विचारलं यांना झोप लागते का, मी सांगितलं नाही लागत, तर दादा घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आता त्यांना मित्राकडे एक रात्र राहायला जायचंय. काकू म्हणतात तू नाही म्हण, तू नाही म्हणालास की तो कसा जाणार. दादा म्हणतात तू माझा माणूस आहेस की आईचा. वर घरातली भांडी, सगळ्यांचे कपडे हेही माझ्याकडेच आलंय, उचलून उचलून कंबर गेलीये आणि दादा कधी कधी फार ओरडतात. काकू वाईट नाहीत ताई, दादाही नाहीत. मी नक्की कुणाचं ऐकायचं?"

अरे, उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे तुझा जीव खाली पडेल. दादांचं ऐकायचं. त्यांचं शरीर, त्यांचा वेळ, ते कुठे जाणार, कुणाला भेटणार, कधी झोपणार, आंघोळ आधी की चहा आधी, हे सगळं ठरवणार दादा आणि तू ते घडवून आणणार, तुझी नोकरी ही आहे. पगार कुणाच्या हातून येतो त्याने यात काही फरक पडत नाही. घर काकूंचंही आहे, त्यामुळे दार किती वाजता लावायचं, चपला कुठे ठेवायच्या, स्वयंपाकघरात कशाला हात लावायचा नाही, यात काकू सांगतील तसं कर. पण पस्तीस वर्षांच्या माणसाचा दिवस कसा जाणार हे काकूंनी ठरवायचं आणि तू त्यांच्या वतीने राबवायचं, हे काम तुझं नाही.

मी स्वतः व्हीलचेअर वापरते आणि माझं सकाळी उठणं ते रात्री झोपणं मदतनीसांच्या हातांवर चालतं, म्हणून तुला वाटेल ही बाई दादांच्या बाजूने बोलतीये. हो, बोलतीये. पण तुझी बाजूही सोडणार नाही, शेवटपर्यंत वाच.

आधी डॉक्टरांचं, कारण मला वाटतं तुझ्या पत्रातला सगळ्यात मोठा मुद्दा तो आहे आणि तू तो एका ओळीत उरकलास. दादा का गप्प झाले असतील बघ. खोलीत तीन माणसं, विषय त्यांच्या झोपेचा, आणि बोलले फक्त दोघं. तू उत्तर बरोबर दिलंस, खोटं काही नाही सांगितलंस, तरी त्या दोन मिनिटांत दादा त्या खोलीत नव्हतेच. आणि हे त्यांच्या बाबतीत एकदा झालेलं नाही, अपघात झाल्यापासून दुकानात, बँकेत, रस्त्यावर, सगळीकडे लोक त्यांच्या डोक्यावरून त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माणसाशी बोलत आले असणार, आणि घरातला एक तू तरी तसं करणार नाहीस असं त्यांनी धरलं असेल. पुढच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलासमोर व्हीलचेअर लावून दे आणि तू जरा मागे, एका बाजूला बस, म्हणजे डॉक्टरांची नजर आपोआप दादांवर जाईल. तरी प्रश्न तुला आलाच तर तू उत्तर देऊ नकोस, दादांकडे बघ. तुझं डोकं वळलं की डॉक्टरांचंही वळतं. तेवढ्यानेही नाही भागलं तर सरळ म्हण, "त्यांनाच विचारा ना." आणि दादांशी आधी बोलून ठेव की तुम्ही विसरलात किंवा दमलात तर मी काय सांगायचं, किती सांगायचं. काही लोकांना मदतनीसाने बोललेलं हवं असतं, काहींचं बोलणं अस्पष्ट असतं आणि मदतनीसाला ते कळतं म्हणून त्याने तेच शब्द पुन्हा म्हणायचे असतात, तिथे तो करार वेगळा. पण करार त्या माणसाशी करायचा, आपल्या मनाने नाही.

तुला कुणी हे शिकवलं नसणार, माहितीये मला. बहुतेकांना पहिल्या दिवशी घरच्यांनी औषधांचा डबा दाखवलेला असतो, कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी कशी रिकामी करायची ते दाखवलेलं असतं आणि संपलं ट्रेनिंग. म्हणून थोडं मागचं सांगते, कारण तू जे काम करतोस त्याला इतिहास आहे आणि तो तुला माहीत हवा.

अमेरिकेत एड रॉबर्ट्स म्हणून एक माणूस होता. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखाली जवळजवळ काहीच हलेना, श्वासासाठी आयर्न लंग लागायचं, म्हणजे माणूस आत झोपवतात ते मोठं लोखंडी मशीन. १९६२ मध्ये तो बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला आला तर ते मशीन होस्टेलमध्ये ठेवता येईना, म्हणून कॅम्पसवरच्या हॉस्पिटलच्या इमारतीत राहिला, मदतनीस घेऊन. त्याच्या मागून आणखी व्हीलचेअरवाले विद्यार्थी आले, आणि या मुलांना जे कळलं ते असं की आपल्याला उठवायला, कपडे घालायला, जेवू घालायला दुसऱ्याचे हात लागतात म्हणून आपण परावलंबी होत नाही, आपलं आपल्या आधी दुसराच ठरवतो तेव्हा होतो. १९७२ मध्ये बर्कलीत सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग सुरू झालं ते याच विचारातून, आणि चालवणारे लोक स्वतः अपंग होते. स्वीडनमध्ये १९९४ पासून कायदाच आहे, मोठं अपंगत्व असलेल्या माणसाला पर्सनल असिस्टंट, म्हणजे तुझ्यासारखा रोजच्या कामांना मदत करणारा माणूस, मिळणं हा हक्क, आणि कुणाला ठेवायचं ते तो माणूस स्वतः ठरवू शकतो. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत अपंगांच्या हक्कांचा करार झाला, १८० हून जास्त देशांनी तो मान्य केलाय, त्याच्या १९ व्या कलमात पर्सनल असिस्टन्सचं नाव घेऊन लिहिलंय. आणि २०१७ मध्ये त्या कराराच्या समितीने आणखी स्पष्ट केलं की मदत कशी, कधी, कुणाकडून घ्यायची याचा ताबा मदत घेणाऱ्याकडे असला पाहिजे. मग दादा विचारतात ना, तू माझा माणूस की आईचा, तो रागात टाकलेला टोमणा नाहीये रे. या सगळ्या लोकांनी आयुष्यभर जे मागितलं तेच ते तुझ्याकडे मागतायत.

आता काकूंना रोज दिला जाणारा रिपोर्ट. तो बंद कर. आजपासून. दादा फोनवर काय बोलले ते तुला ऐकू येतं कारण फोन कानाला धरायला तू लागतोस, ते बाथरूममध्ये कसे दिसतात ते तुला माहितीये कारण त्यांना दुसरा इलाज नाही. असं नाइलाजाने कळलेलं बाहेर सांगायचं नसतं, आईलासुद्धा नाही. फोटो, व्हिडिओ, स्टेटस, "आमच्या दादांची जिद्द बघा" वगैरे तर अजिबात नाही, त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय.

पण काकूंशी तुटक वागू नकोस. उद्या त्यांनी विचारलं की म्हण, "काकू, दादांचं दादांनाच विचारत जा ना, मी सांगितलं की त्यांचा माझ्यावरचा विश्वास जातो आणि मग मला कामच करता येत नाही." हे आवाज न चढवता, आणि प्रत्येक वेळी तेच. दोन-चार दिवस रुसतील. त्यांनी अपघातापासून रात्री-रात्री उठून मुलाला कूस बदलून दिलेली असणार, हॉस्पिटलच्या बाकावर बसून काय काय ऐकलेलं असणार, आणि आता एक परका मुलगा येऊन ते सगळं करतो आणि दार लावून घेतो. त्यांना बातमी नकोच आहे बहुतेक, त्यांना भीती वाटते आणि ती कुठे न्यायची ते कळत नाही. म्हणून दादांना सुचव की आठवड्यातून एकदा तिघांनी बसू, बोलायचं दादांनी, कुठे जाणार आहे, तब्येत कशी आहे, काय बदललंय, आणि काकूंनी जे विचारायचं ते दादांना. तू तिथे फक्त हजर राहायचं.

एक अपवाद आहे आणि तो दादांना आत्ताच सांगून ठेव. जीवावर बेतेल असं काही दिसलं, म्हणजे ते स्वतःला काही करून घ्यायचं बोलायला लागले किंवा कुणी त्यांना मारतंय, लुबाडतंय असं दिसलं, तर तू गप्प बसणार नाहीस. आणि शक्य असेल तर आधी त्यांना सांगशील की मी हे आता अमक्याला सांगणार आहे, त्यांच्या पाठीमागे जाणार नाहीस.

मित्राकडे राहायला जाण्याबद्दल. काकूंनी तुला जे करायला सांगितलंय त्याचा अर्थ नीट बघ. त्या दादांना नाही म्हणू शकत नाहीत कारण दादा ऐकणार नाहीत, म्हणून त्यांना तुझे हात काढून घ्यायचेत. चालता येणाऱ्या माणसाला घरात कोंडायचं तर दाराला कुलूप लागतं, दादांच्या बाबतीत तू नाही म्हणालास की झालं. एवढी ताकद तुझ्या नाही म्हणण्यात आहे, म्हणून ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून वापरायची नाही. तुला त्या दिवशी खरंच जमत नसेल, तुझं घरी काही असेल, तर ते "नाही" तुझं स्वतःचं आहे, ते तू मोकळेपणी सांग आणि दादा दुसरी सोय बघतील. पण काकूंचं "नाही" तुझ्या तोंडून यायला नको.

काही झालं तर? हा काकूंचा खरा प्रश्न आहे आणि तो फालतू नाही, कारण मानेच्या इजेत बाहेर राहताना काही गोष्टी खरंच जीवघेण्या होऊ शकतात. त्याचं उत्तर घरी बसवणं नाही, तुला त्या गोष्टी पक्क्या येणं हे आहे. सगळ्यात आधी ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा असेल, दादांची मानेतली आहे तशी, तर हे होऊ शकतं. खाली शरीराला काहीतरी टोचतंय, लघवीची नळी पिळली गेलीये, मूत्राशय भरलंय, शौचाला अडकलंय, पायाचं नख रुतलंय, पट्टा घट्ट आहे, माणसाला ते जाणवत नाही पण शरीर बीपी झपाट्याने वर नेतं. एकदम डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो, नाक चोंदतं. अशा वेळी आडवं अजिबात करायचं नाही. ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, कपडे-पट्टे सैल करायचे आणि लगेच कारण शोधायचं, पहिल्यांदा कॅथेटर, कारण बहुतेक वेळा भानगड मूत्राशयाची असते. दर दोन-पाच मिनिटांनी बीपी बघायचं, आणि लक्षात ठेव की या लोकांचं नेहमीचं वरचं बीपी बरेचदा ९० ते ११० असतं त्यामुळे १४० दिसलं आणि तुला ते ठीकच वाटलं तर फसशील. कारण सापडत नाही किंवा बीपी उतरत नाही तर सरळ अॅम्ब्युलन्स, आणि आलेल्या माणसाला आजाराचं नाव घेऊन सांगायचं कारण सगळ्यांनाच ते माहीत असतं असं नाही. डॉक्टरांकडून दादांचं नेहमीचं बीपी आणि औषध काय द्यायचं ते एका कार्डावर लिहून घ्या आणि कार्ड व्हीलचेअरलाच लावून ठेवा.

दुसरं म्हणजे कातडी, एकाच जागी भार राहिला की तिथे जखम होते. बसल्या जागी १५ ते ३० मिनिटांनी वजन हलायला हवं, चेअर मागे कलत असेल तर कलवून. गप्पांत दादा हे विसरतील, तू आठवण कर, पण सगळ्या मित्रांसमोर मोठ्याने नको, एखादी खूण ठरवून घ्या. आणि आठवण करून दिल्यावर ते म्हणाले आत्ता नको, तर एकदा सांग की लाल झालंय कालपासून, आणि मग सोड. कळवणं तुझं, ठरवणं त्यांचं. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर माकडहाड, नितंब, टाचा बघायच्या, दाबल्यावरही लाली जात नसेल तर त्या जागेवर भार द्यायचा नाही. उन्हाळ्यात एक आणखी, इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे अंग पटकन तापतं, पाण्याचा फवारा आणि सावली जवळ हवी. निघण्याआधी मित्राच्या घराचं दार किती रुंद, पायऱ्या किती, पलंग किती उंच, चार्जर कुठे लागणार हे दादा स्वतः फोन करून विचारतील, तू नाही. ही तयारी दादांनी काकूंसमोर बसून केली तर काकूंची अर्धी भीती तिथेच कमी होईल असं मला वाटतं. पूर्ण नाही होणार. त्यांची परवानगी मिळेपर्यंत मात्र थांबायचं नाही, कारण ती लागतच नाही.

रोजच्या कामातही हेच रे. शर्टची बटणं दादांना लावता येतात पण पंधरा मिनिटं लागतात, मग तू लावायची की थांबायचं? विचार. एखाद्या दिवशी त्यांना स्वतः लावायची असतील, एखाद्या दिवशी नऊला मीटिंग आहे आणि ताकद तिथे वापरायची असेल. काल हो होतं म्हणून आज हो धरू नकोस. अंगाला हात लावण्याआधी सांग, व्हीलचेअर सरकवण्याआधी सांग, ती त्यांच्या शरीराचा भाग असल्यासारखीच आहे. रोज रोज विचारून कंटाळा येईल दोघांना, मग काही गोष्टी ते कायमच्या ठरवून देतील, ते चालेल, फक्त ठरवलेलं त्यांचं असू दे.

ओरडण्याचं. ते सांगतील तसं काम करायचं याचा अर्थ ते बोलतील ते ऐकून घ्यायचं असा नाही. सारखं दुसऱ्याच्या वेळेची वाट बघत जगताना माणूस चिडतो हे मी रोज अनुभवते, पण तो राग तुझ्यावर काढायचा हक्क मला नाही आणि दादांनाही नाही. तू ओरडून उत्तर देऊ नकोस आणि ट्रान्सफर, म्हणजे त्यांना पलंगावरून चेअरवर नेणं, अर्धवट सोडूनही जाऊ नकोस. सुरक्षित बसव, मग सांग, "दादा, असं बोललात की मला काम करायला त्रास होतो, शांत झालात की बोलू." पहिल्या वेळी जड जाईल. शिवीगाळ होत असेल, हात उगारला जात असेल तर ते काम सोड, त्यात काही विचार करण्यासारखं नाही.

भांडी आणि कपड्यांचं एकदा कागदावर आण. दादांचे कपडे, दादांचं ताट, दादांची खोली हे तुझ्या कामात येतं कारण त्यांचे हात चालत असते तर ते त्यांनी केलं असतं. सगळ्या घराचं धुणं येत नाही. तास किती, सुट्टी कोणती, जादा थांबलास किंवा रात्र राहिलास तर पैसे किती, तू आजारी पडलास तर कोण येणार, हे एका पानावर लिहा आणि खाली सही दादांची आणि तुझी. आणि जमलं तर पगार दादांच्या हातून यायला लागू दे. ते कमावतायत, तुझ्या पत्रातच आहे. पैसे काकूंच्या हातून येतात तोवर काकूंना वाटत राहणार की माणूस त्यांनी ठेवलाय, आणि त्यात त्यांची तरी काय चूक.

कंबर मात्र उद्यावर टाकू नकोस. मोठ्या माणसाला एकट्याने काखेत हात घालून उचलणं तुझ्यासाठीही वाईट आणि दादांच्या खांद्यांसाठीही, खांदा निखळू शकतो. ज्यांचे हात थोडे चालतात त्यांच्यासाठी ट्रान्सफर बोर्ड असतो, पलंग आणि चेअर एका उंचीला आणून सरकवत न्यायचं. पलंगावर सरकवायला स्लाइड शीट असते. अगदीच भार घेता येत नसेल तर होइस्ट, पट्ट्यात बसवून मशीनने उचलायचं. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा आणि तुला, काकूंना, दादांना तिघांना एकत्र शिकवायला सांगा, दादांना का तर नवीन माणूस आला की त्याला ते स्वतः सांगू शकतील कुठे धरायचं. आणि तोवर आत्ता दुखतंय तर आत्ता डॉक्टरला दाखव, मलम लावून ढकलू नकोस.

समज हे सगळं करूनही काकू म्हणाल्या उद्यापासून येऊ नकोस. होऊ शकतं, मी नाही म्हणणार नाही. तेव्हा दादांशी बोलल्याशिवाय निघून जाऊ नकोस. ते तुला ठेवू शकतात का, स्वतःच्या पैशातून किती तास परवडतात, हे त्यांना ठरवू दे, आणि नाहीच जमलं तर त्यांच्याजवळ बसून त्यांचं सगळं रोजचं रुटीन लिहून काढ, सकाळच्या पहिल्या कामापासून रात्री उशी कुठे लावायची इथपर्यंत, त्यांनी सांगायचं आणि तू लिहायचं, आणि ती वही त्यांच्याकडे राहू दे. नवीन येणाऱ्याला काय सांगायचं आणि काय नाही, ते वहीत लिहिलेलं असलं तरी त्याला सांगतील दादाच.